बसलेलं पोवळं

एका घरात एक समुद्र राहत असे.

हसताय काय? खरं तेच सांगते आहे. घर होतं साताऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, पण समुद्र बघायचा म्हटलं तर घाट उतरून थेट कोकणात जावं लागायचं. तरी त्या घराच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, चार काचांच्या आत एक समुद्र होता. बाबांनी पिशवीतलं मीठ पाण्यात कालवून तो घरीच केला होता. त्याला भरती नव्हती, ओहोटी नव्हती. पण पाणी ढवळायला छोटा पंप होता, वर निळसर दिवे होते, खाली पांढरी वाळू आणि मधोमध दगडांचा एक डोंगर होता. आत राहणाऱ्यांनी दुसरा समुद्र पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं समुद्र तो हाच, आणि पलीकडचा टीव्ही म्हणजे किनारा.

या समुद्रात एक नारिंगी मासा होता. अंगावर पांढरे पट्टे, जीव एवढासा आणि तोंड मात्र दिवसभर चालू. एक खेकडा होता, तो पाठीवर शंख घेऊन हिंडायचा. आज हा शंख, उद्या तो शंख. एका घरात त्याचं मन म्हणून रमत नसे. आणि दोन पोवळी होती.

आता पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच तुम्हांला ठाऊक असणार. पण पोवळं जिवंत असतं बरं का! दिसायला दगड, पण आहे प्राणी. त्याला इवली इवली तोंडं असतात. काही पोवळी पाण्यातला चुना टिपून घेतात आणि स्वतःचं हाड स्वतः बांधतात, कणाकणानं. काही पोवळी हाड बांधायच्या फंदातच पडत नाहीत, ती मऊच राहतात. या समुद्रात दोन्ही तऱ्हेची होती. दोघं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आली होती.

मऊ पोवळ्याला सगळे मऊताई म्हणत. तिला शंभर हात आणि प्रत्येक हाताला एक मूठ. ती मूठ उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. आली तेव्हा बोटाएवढी होती. बघता बघता दगड भरला, मग शेजारचा दगड, मग मागची काच. घरी पाहुणे आले की आधी तिच्याकडेच बघायचे. "अहो, कसली वाढलीय ही!" असं म्हणायचे आणि चहाला बसायचे. नारिंगी मासा तिच्याच हातांत राहायचा, तिथंच झोपायचा.

आणि दुसरं पोवळं? ते आलं तेव्हा अक्रोडाएवढं होतं आणि अजून अक्रोडाएवढंच होतं. गोल, हिरवट, अंगावर वळणावळणाच्या चिरा. दुकानदारानं त्याला बटणाएवढ्या चकतीवर गोंदानं चिकटवून दिलं होतं. ती चकती बाबांनी डोंगराच्या शेंड्यावर, उजेडात, नुसती टेकवून ठेवली होती. पाहुण्यांचं त्याच्याकडे लक्षही जात नसे.

"काय रे गोळ्या," मासा त्याला येता-जाता टोचायचा, "दिवसभर नुसतं बसलायस! मऊताई बघ, किती पसरली. तू आपला नुसता बसून!"

"बसलेलं कुठंय अजून?" पोवळं हळूच म्हणायचं. "बसायचंच तर बघतंय मी."

माशाला यातलं ओ की ठो कळत नसे. तो शेपूट उडवून निघून जायचा.

या छोट्या पोवळ्यावर जीव टाकणारं त्या घरात एकच माणूस होतं. तिचं नाव शाल्मली. चौथीतली पोर. तिनंच पोवळ्याचं नाव 'अक्रोड' ठेवलं होतं. शाळेत प्रार्थनेला उंचीनं रांग लावतात ना, त्या रांगेत शाल्मली सगळ्यात पुढे असायची. पहिलीपासून सगळ्यात पुढे. तुम्हांला वाटेल, पुढे उभं राहायला मिळालं तर किती छान! पण मागून कुणी "ए बुटकी, सरक" म्हटलं की कसं वाटतं, ते पुढे उभं राहणाऱ्यालाच विचारा.

घरी बाबांनाही तोच घोर लागला होता. बाबा माणूस प्रेमळ. लेकीवर भारी जीव. पण दर रविवारी तिची आंघोळ झाली की तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करायचे. "टाचा टेक. मान ताठ. श्वास रोखू नकोस गं, त्यानं उंची वाढत नाही." मग डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढायची. सगळ्या रेघा एकमेकींच्या अंगावर पडून तिथं एक काळा पट्टाच झाला होता. रेघ मारून झाली की बाबा नुसतं "हं" म्हणायचे. तो 'हं' ऐकला की शाल्मली लगेच चौकटीपासून बाजूला व्हायची.

मग ती तीच फूटपट्टी घ्यायची आणि समुद्राकडे यायची. स्टुलावर चढायची, बाही वर करायची, पाण्यात हात घालायची आणि अक्रोडाला चकतीसकट उचलून काचेजवळ आणायची. "चल बघू, आज किती झालंस?" फूटपट्टी काचेला बाहेरून लावायची, एक डोळा मिटायची. "वाढलंस काय रे थोडंसं? वाढलंस ना? हो म्हण की!" मग पुन्हा डोंगरावर टेकवून ठेवायची. कधी तोंड पुढे, कधी मागे. कधी उजेड जास्त मिळावा म्हणून थोडं डावीकडे. आधी हे रविवारपुरतं होतं. मग रोजचं झालं.

आता मी तुम्हांला एक गुपित सांगते. ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. दगडी पोवळं वाढायला लागायच्या आधी काय करतं? आधी जागा धरतं. आपल्या अंगाची एक कड खाली सोडतं, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती कड चकतीवरून उतरते, दगडाला लागते, दगडाला धरते. एकदा तिनं धरलं की पोवळ्याला कळतं, हे आपलं घर. मगच ते वर वाढायला घेतं. पोवळ्यांच्या बोलीत याला 'बसणं' म्हणतात. आपण नाही का म्हणत, घडी बसली, जम बसला, हात बसला? तसंच ते बसणं.

आपलं अक्रोड रोज कड सोडायचं. आणि रोज वरून हात यायचा. कड दगडाला लागते न लागते तोच तुटायची. की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यात आपले खेकडेबुवा नव्या शंखाच्या तोऱ्यात डोंगर चढायचे, बुवांचा धक्का लागायचा आणि अक्रोड कोलमडायचं. "चुकलं हं, चुकलं," म्हणत बुवा पुढे जायचे.

एवढं होऊनही त्याला शाल्मलीचा राग येत नसे. तिचा हात पाण्यात आला की त्याला बरंच वाटायचं. ऊबदार हात असायचा तिचा. फक्त हात गेल्यावर कड तुटलेली असायची.

असे दिवस चालले होते. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी गल्लीतली विजेची डीपी जळली.

डीपी जळली की काय होतं ते सातारकरांना विचारा. पंखे बंद, फ्रिज बंद, गल्लीत सगळे दारात येऊन एकमेकांना विचारणार, "तुमची पण गेलीय का?" पण या घरात समुद्रही बंद पडला. पंप थांबला. पाणी जागच्या जागी उभं राहिलं आणि तापायला लागलं. मासा वर येऊन आ वासायला लागला.

"अहो, यांचा श्वास कोंडतोय!" आई म्हणाली आणि स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली. तांब्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत आत ओतायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. आई दमली की बाबा, बाबा दमले की शाल्मली. तिचा हात पुरेना म्हणून ती स्टुलावर उभी राहिली. दंड भरून आले, फ्रॉक भिजला, फरशीवर सगळा मिठाचा राडा झाला. "मरू नका हं," ती प्रत्येक तांब्याला म्हणत होती, "कुणी मरू नका." दिवेलागणीला वीज आली तेव्हा तिघंही भिंतीला पाठ लावून खालीच बसली.

मासा वाचला. खेकडा वाचला. अक्रोड आपली सगळी तोंडं मिटून, आपल्या हाडाला धरून बसलं होतं, तेही वाचलं. पण मऊताईला हाड नव्हतं. तिच्या मुठी मिटल्या त्या उघडल्या नाहीत. सकाळपर्यंत ती विरघळत गेली.

"मला वाटलं होतं," विरघळता विरघळता ती अक्रोडाला म्हणाली, "भराभर मोठं झालं की भीती राहत नाही."

"तुझं एक बोट तरी माझ्याकडे राहू दे," अक्रोड म्हणालं. तिचं एक बोट वाहत आलं आणि अक्रोडाच्या बुडाशी, चकतीच्या आडोशाला अडकलं. बाकीची ताई पाण्यात मिसळून गेली. माशाच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द फुटला नाही.

आता समुद्र उजाड दिसायला लागला. बाबांना ते बघवेना. बोलता बोलता त्यांनी जाहीर करून टाकलं, "आपण एक फांद्यांचं पोवळं आणू या. ते झपाट्यानं वाढतं. पण त्याला वरची, उजेडाची जागा लागणार."

"वर तर अक्रोड आहे," शाल्मली म्हणाली.

"ते काही वाढत नाही गं. इतके दिवस झाले, होतं तेवढंच आहे. आमच्या ऑफिसातल्या घोरपडेकाकांकडे मोठा टँक आहे. दिवाळीला येणार आहेत, त्यांना देऊन टाकू."

शाल्मलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वाढेल ते! मी सांगते ना, वाढेल!"

लेकीचं पाणी बघून बाबा पाघळले. "बरं बाई. दिवाळीपर्यंत वाढलं तर ठेवू. मग तर झालं?"

झालं काय, कप्पाळ! अहो, आता तर ती शाळेत जाताना मोजायची आणि शाळेतून आल्यावर मोजायची. दप्तर सोफ्यावर फेकायची आणि तशीच स्टुलावर चढायची. पोरीनं अक्रोडाला वाचवायचा चंगच बांधला होता. आणि ती जितक्या वेळा वाचवायला जायची, तितक्या वेळा त्याची कड तुटायची. कडेचा हिरवा रंग उडाला. चिरा फिक्या पडल्या.

इकडे माशाला झोपायला जागा राहिली नव्हती. काचेच्या कोपऱ्यात झोपून बघितलं, पंपामागे झोपून बघितलं; कुठं डोळा लागेना. एका संध्याकाळी, दिवे मंद होताना, तो भीत भीत डोंगराच्या शेंड्यावर आला.

"गोळ्या," तो म्हणाला, "इथं टेकू का रे जरा? तुझ्या कडेला?"

"ये की. विचारायचं काय त्यात?"

मासा टेकला. शेजारी मऊताईचं बोट होतं, ते बघून त्याला भडभडून आलं. मग तो म्हणाला, "मी तुला फार बोललो. नुसतं बसलायस, नुसतं बसलायस म्हणून."

"पण मी बसलेलं नाहीच रे," अक्रोड म्हणालं. "तेच तर दुखणं आहे." आणि मग त्यानं माशाला सगळं सांगितलं. कड कशी सोडतात, ती कशी धरते, हात आला की कशी तुटते. आणि वरच्या माणसांचं आपल्याला ऐकू येतं, पण आपलं त्यांना ऐकू जात नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे ती पोरगीच तुझ्या मुळावर आलीय की!" मासा तडकला.

"असं बोलू नकोस. त्या दिवशी वीज गेली तेव्हा कुणी तांब्या धरला होता? ती माझ्यासाठी रडते. तिला माहीत नाही, एवढंच."

"मग सांगणार कसं तिला? ती आली की तू ओरडूही शकत नाहीस."

"नाही शकत."

मासा विचारात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच पडला असेल. मग म्हणाला, "तुला ओरडता येत नाही. पण मला चावता येतं."

अक्रोड घाबरलं. "जोरात नको हं," ते म्हणालं. "लहान आहे ती."

दुसऱ्या दिवशी दप्तर सोफ्यावर पडलं, स्टूल सरकलं, हात पाण्यात आला. मासा तीरासारखा सुटला आणि त्यानं अंगठ्याला कडकडून चावा घेतला. जोरात नको म्हटलं होतं, पण माशाचं जोरात ते केवढं! शाल्मली किंचाळली मात्र अशी, की शेजारच्या काकू दारात आल्या. तिनं पुन्हा हात घातला. मासा पुन्हा चावला. तिसऱ्यांदा तो अक्रोडाच्या पुढे आडवा उभा राहिला आणि सगळे पर ताठ करून तिच्याकडे बघत राहिला.

"आई गं, हा मला चावतो!" शाल्मली रडायलाच लागली. "मी तांब्यानं पाणी घातलं याला, आणि हा मला चावतो!"

आई पदराला हात पुसत आली आणि काचेसमोर उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली. "तुला नाही गं चावत," ती म्हणाली. "बघ की, अक्रोडापुढे उभा आहे. त्याला म्हणायचंय, याला हात लावू नकोस."

"पण मोजलं नाही तर वाढलं की नाही ते कळणार कसं? बाबा देऊन टाकतील ना!"

"रोज उचलून बघितलंस, वाढलं का?"

एवढ्यात बाबा आतून पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन आले, रविवार हुकला होता ना! "शाल्मली, ये बरं, चौकटीला उभी राहा."

आई वळली. "अहो, त्या माशासारखं मला चावता येत असतं ना," ती म्हणाली, "तर आत्ता तुम्हांलाच चावले असते."

बाबा फूटपट्टी घेऊन तसेच उभे राहिले. काय झालं ते त्यांना कळेना. पण आईच्या तोंडाकडे बघून त्यांनी फूटपट्टी खिशात घातली.

त्या रात्री शाल्मलीला जेवण गेलं नाही. ताटातला भात चिवडत तिनं मनाशी एक गोष्ट ठरवली. ठरवताना तिला फार जड गेलं. तिनं ठरवलं, की दिवाळीला अक्रोड जाणारच आहे. मग जाईपर्यंत तरी त्याला त्रास नको. माशाला आवडत नसेल तर नाही मोजायचं. वाढलं तर वाढलं, नाही तर नाही. जेवढं आहे तेवढं आपलंच आहे.

त्यानंतर ती रोज काचेसमोर मांडी घालून अभ्यास करायची. अक्रोडाला पाढे म्हणून दाखवायची, शाळेतल्या चहाड्या सांगायची. हात मात्र पाण्यात घातला नाही. हात शिवशिवायचे, तेव्हा मांडीखाली दाबून धरायची.

आत काय चाललं होतं, ते मी सांगते. अक्रोडानं कड सोडली. उद्या हात येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही. कड दगडाला लागली. परवाही हात आला नाही. कड दगडावर पसरली. खेकडेबुवा आता डोंगराला लांबून वळसा घालून जायचे. "एवढं चालतो मी, माझं काय झिजतंय?" म्हणायचे. मासा रात्रंदिवस शेजारी. गणपती आले आणि गेले, शेजारच्या मंडपातल्या ढोलांनी काच थरथरली, तरी कड हलली नाही. नवरात्रात एके दिवशी मऊताईच्या त्या बोटानं आपली इवलीशी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मासा आनंदानं इतका गोल गोल फिरला की शेवटी त्यालाच भोवळ आली.

आणि दिवाळी आली. फराळाच्या ताटामागोमाग घोरपडेकाका आले. मोठा आवाज, मोठं पोट, हातात झाकणाचा डबा. "कुठंय ते तुमचं अक्रोड? घेऊन जातो!"

शाल्मलीनं हातातली चकली खाली ठेवली. ती काचेजवळ गेली आणि कपाळ काचेला टेकवून अक्रोडाला म्हणाली, "तिकडं मोठा टँक आहे. तुला आवडेल." अक्रोडाला सगळं ऐकू येत होतं. आता हात येणार, हे त्याला कळलं. त्यानं माशाला सांगितलं, "या वेळी चावू नकोस. चावून काही होणार नाही."

"मी चावणार," मासा म्हणाला.

बाबांनी बाही वर केली. मासा चावला. बाबा "आई आई गं" म्हणाले, पण हात मागे घेतला नाही. त्यांनी अक्रोड चिमटीत धरलं आणि चकतीसकट वर ओढलं.

चकती निघेना.

त्यांनी थोडी हलवली. हलेना. "हे काय?" बाबा म्हणाले. "मी तर नुसतं टेकवून ठेवलं होतं!"

"जोर लावू का?" घोरपडेकाकांनी विचारलं.

"नको!" शाल्मली एवढ्या मोठ्यानं ओरडली की काका दचकून मागे सरकले.

बाबांनी टॉर्च आणला. सगळे खाली वाकले. चकती दिसतच नव्हती. तिच्या चहूबाजूंनी हिरवी कड खाली उतरली होती, दगडावर पसरली होती, दगडाच्या भेगेत शिरली होती. कडेला इवली इवली नवी तोंडं फुटली होती.

घोरपडेकाकांनी डबा खाली ठेवला. "अरे साळुंखे," ते बाबांना म्हणाले, "हे बसलंय की! आता याला हात लावू नकोस. हे बसायलाच वेळ घेतात. एकदा बसलं की मग वाढीला लागतं." आणि पोट हलवत हसले. "आडनाव माझं घोरपडे, आणि चिकटून बसलंय तुमचं पोवळं!"

"पण वाढलं का, काका?" शाल्मलीनं विचारलं. "मी मोजलंच नाही. खूप दिवस मोजलं नाही."

बाबांनी लेकीकडे बघितलं, मग काचेतून अक्रोडाकडे, मग स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या त्या काळ्या पट्ट्याकडे. ओला हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "नाही मोजलंस, म्हणूनच बसलं गं. राहू दे त्याला इथंच. त्याचं घर आहे ते."

शाल्मलीनं बाबांच्या पोटात तोंड खुपसलं. घोरपडेकाकांनी रिकामा डबा चकल्यांनी भरून नेला, ते काही रिकाम्या हातानं जाणारे नव्हेत.

आणि काचेच्या आत मासा अक्रोडाभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारत होता आणि खेकड्याला, मऊताईच्या बोटाला, पंपाला, ऐकेल त्याला ओरडून सांगत होता, "बघा! बघा आमचं पोवळं! नुसतं बसलंय! नुसतं बसलंय!"

पुढच्या रविवारी शाल्मली आंघोळ करून सवयीनं दाराशी जाऊन उभी राहिली. टाचा टेकल्या, मान ताठ केली. बाबा आले. त्यांच्या हातात फूटपट्टी नव्हती. शिऱ्याची वाटी होती. "इथं काय उभी राहिलीस?" ते म्हणाले. "ये, बस. गरम आहे तोवर खा."

ती बसली.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला आधी निवांत बसू द्यावं, वाढला का म्हणून प्रेमानंसुद्धा रोज उचलून बघू नये.